मांजऱ्या, गेरू आणि काळा कातळ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या शाळेत भूगोलाच्या खोलीत महाराष्ट्राच्या खडकांचा एक नकाशा टांगलेला असायचा. तुमच्याही शाळेत असेल. पूर्वेला नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडचा भाग आणि खाली दक्षिण कोकणाचा तुकडा सोडला, तर उरलेला सगळा महाराष्ट्र एकाच रंगात. आमच्या नकाशात तो रंग हिरवट होता आणि खाली सूचीत लिहिलेलं होतं, 'बेसाल्ट'. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक जमिनीखाली हाच खडक आहे, तेव्हा नकाशा काही खोटा नव्हता. १९७९ साली मी नोकरीला लागलो आणि पहिली आठ वर्षं त्या हिरव्या रंगावर पट्टी टेकवून मुलांकडून एकच वाक्य पाठ करून घेत राहिलो : सह्याद्री अग्निजन्य खडकाचा बनलेला आहे. परीक्षेत ते एका गुणाला यायचं. मुलांना तो एक गुण मिळायचा आणि मला वाटायचं, आपण खडक शिकवला.

डिसेंबर १९८७ मध्ये मात्र हा समज मोडला. भीमाशंकरच्या डोंगररांगेतल्या एका लहान किल्ल्यावर आम्ही दरवर्षी चार दिवसांचं शिबिर नेत असू. (किल्ल्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथे गर्दी होईल आणि पिण्याच्या पाण्याचं टाकं एकच आहे.) त्या वर्षी मुलांना दोरावरून उतरायला शिकवायचं ठरलं. मी स्वतः गिर्यारोहणाचा छोटा अभ्यासक्रम केलेला होता. एका कड्याच्या माथ्यावर पिटॉन म्हणजे लोखंडी खिळा ठोकला, दोन हिसके देऊन पाहिले आणि नववीतल्या एका मुलाला दोरावर सोडलं. तो निम्म्यात असताना खिळा दगडाच्या कपच्यांसकट निघून आला. मुलगा दहा-बारा फुटांवरून पडला. मनगट मोडलं, एवढ्यावर निभावलं. डोक्यावर पडला असता तर आज मी तुमच्याशी बोलायला बसलो नसतो.

त्याचे वडील विहिरी खणायची कामं घेत. मी त्यांच्यापुढे मान खाली घालून उभा होतो, आता शिव्या खायच्या या तयारीनं. मुलाच्या हाताचं प्लास्टर बघून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "मास्तर, त्या मांजऱ्यात खिळा कशापायी ठोकला? त्यो धरत न्हाई. दोन पुरुष वर काळा कातळ व्हता की!"

एका पुरुषाची उंची साधारण साडेपाच फूट. म्हणजे मी अकरा फुटांनी चुकलो होतो. त्या अकरा फुटांत खडक बदलतो हे विहीर खणणाऱ्या माणसाला ठाऊक होतं आणि भूगोलाच्या पदवीधराला नव्हतं. नकाशात दोन्हीकडे हिरवाच रंग होता.

नंतर मी त्यांच्या मागे लागलो. "आबा, एकदा किल्ल्यावर येता का?" आबा आले. वर चढताना ते काठीनं दगडावर टकटक करत आणि आवाज ऐकत. काळा पाषाण खणखणतो. मांजऱ्या बद्द बोलतो; त्यात बारीक-बारीक पोकळ्या असतात आणि कित्येकदा त्या पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेल्या असतात, ज्यांना आपण सरसकट गारगोट्या म्हणतो. मध्येच वीतभर ते हातभर जाडीचा तांबडा पट्टा येतो, तो गेरू. "गेरूच्या वर पाणी झिरपतं बघा," आबा म्हणाले, आणि मे महिन्यातही ओली राहणारी एक कपार त्यांनी दाखवली. पुस्तकी भाषेत याचा अर्थ असा, की लाव्हाचा एक प्रवाह आला, थंड झाला, मधल्या काळात त्याचा माथा कुजला, त्यावर राख-माती साचली आणि पुढचा तापलेला प्रवाह त्यावर पसरताना ती माती भाजून निघाली. भेगाळलेल्या कातळातून खाली उतरणारं पाणी या चिकण थरावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. पुस्तकात हे सगळं होतं. पण आमच्या किल्ल्यावर ते कुठल्या वळणावर आहे, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तेव्हापासून मला एक छंद लागला. हा एकरंगी नकाशा आला कुठून, आणि त्याच्या आत कोणी डोकावलं होतं का, हे शोधण्याचा.

पहिलं नाव सापडलं ते एका फौजी अधिकाऱ्याचं. विल्यम हेन्री साइक्स. १८१७-१८ च्या इंग्रज-मराठा लढायांच्या काळात हा गृहस्थ दख्खनमध्ये होता. १८२४ साली मुंबई सरकारनं त्याला प्रदेशाची आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलं : गावं किती, माणसं किती, पिकं कुठली, भाव काय. ते करता करता त्यानं दख्खनचे पक्षी नोंदवले, मासे नोंदवले, हवामान नोंदवलं आणि वायुभारमापकानं डोंगरांच्या उंचीही मोजल्या. त्याचा दख्खनच्या भूस्तरांवरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं १८३६ साली छापला. त्यात पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर आहेत, खांबांसारखा फुटणारा कातळ आहे आणि थरांमधली लोहयुक्त तांबडी मातीही आहे. म्हणजे आबांचा गेरू दीडशे वर्षांपूर्वी लंडनला पोचला होता. आमच्या शाळेत तेवढा पोचायचा राहिला. या खडकाला इंग्रजीत 'ट्रॅप' म्हणतात तेही त्या पायऱ्यांमुळेच. स्वीडिश भाषेत 'ट्रापा' म्हणजे जिना.

दुसरं नाव मला अधिक जवळचं वाटतं, कारण ते शिक्षकाचं आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली मिशनरी म्हणून नागपूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तिथे शाळा काढली. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना पायी फिरण्याची आवड होती. त्या भटकंतीत, १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला, नागपूरजवळ टाकळी इथे दोन लाव्हाथरांच्या मध्ये सापडलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष मिळाले. दगडात शिंपले सापडणं ही तशी नवलाची गोष्ट नव्हे. पण इथे खाली लाव्हा, वर लाव्हा आणि मध्ये तळ्यातल्या गोगलगायी. म्हणजे आग एकदाच येऊन सगळं संपलं नव्हतं. ती थांबली होती, तळी साचली होती, त्यांत जीव वाढले होते आणि मग पुन्हा लाव्हा आला होता. एका रंगाच्या आत काळाचे अनेक मुक्काम होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पूर आलेल्या ओढ्यात बुडून गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावानं १८८३ साली सुरू झालं. पावसाळ्यात ओढा ओलांडण्याबद्दल मी मुलांना जे बजावतो, त्याच्या आधी मी ही गोष्ट सांगतो. तिचा उपयोग सूचनांच्या यादीपेक्षा जास्त होतो.

पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आलं. १८५१ साली स्थापना, आणि १८६० च्या दशकात विल्यम ब्लॅनफर्ड यांनी नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत आणि पश्चिम भारतात फिरून या खडकाची पद्धतशीर पाहणी केली. हा लाव्हा पाण्याखाली नव्हे, उघड्या जमिनीवर पसरला, असं त्यांनी साधार मांडलं. १८७९ मध्ये मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांचा भारताच्या भूशास्त्रावरचा मोठा ग्रंथ निघाला. अवघ्या हिंदुस्थानचा नकाशा म्हटल्यावर दख्खनला एकच रंग मिळणार, हे ओघानंच आलं. कोळसा कुठे, लोखंड कुठे, सोनं कुठे, हे सरकारला हवं होतं. बेसाल्टात यातलं काही नाही. मग त्याच्या पोटविभागांची घाई कोणाला असणार?

इथे आणखी एका शिक्षकाची आठवण काढली पाहिजे. दाराशॉ नोशेरवान वाडिया. मूळचे सुरतचे, १९०७ पासून जम्मूच्या कॉलेजात शिकवत. भारतातल्या मुलांना भूशास्त्र शिकवायला भारतातल्या दगडांचं धड पाठ्यपुस्तक नाही, ही त्यांची अडचण. सुट्ट्यांत ते आसपासच्या टेकड्या पालथ्या घालत. १९१९ साली त्यांचं 'जिऑलॉजी ऑफ इंडिया' प्रसिद्ध झालं आणि पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. सर्वेक्षण खात्यात ते त्यानंतर, १९२१ मध्ये गेले. आधी वर्ग, मग खातं. आमच्यासारख्यांना हा क्रम सुखावणारा आहे.

दख्खनचा एक रंग खऱ्या अर्थानं फुटला तो १९७० आणि ८० च्या दशकांत. मी किल्ल्यावर खिळा ठोकत होतो, त्याच सुमारास पवईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतले पीटर हूपर, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि त्यांचे सहकारी घाटाघाटांतून खालपासून वरपर्यंत दगडांचे नमुने गोळा करत होते. दिसायला सारखे असणारे प्रवाह रासायनिक घटकांवरून वेगळे ओळखता येतात, हे त्यातून दिसलं. त्यांनी थरांच्या गटांना दिलेली नावं खालून वर अशी वाचत जा : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या एसटीची पाटी वाचल्यासारखं वाटतं की नाही? एका थराचं नाव तर घाटातल्या बोगद्यावरून 'टनेल फाइव्ह' असं आहे. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं मात्र रसायनांपेक्षा डोळ्यांना दिसणाऱ्या लक्षणांवर गट पाडले आणि त्यांची नावं साल्हेर, रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड अशी ठेवली. दोन्ही पद्धतींचे अभ्यासक अधूनमधून एकमेकांशी वाद घालतात. माझ्या कामाचं म्हणाल तर मला दुसरी पद्धत सोयीची, कारण नववीतल्या मुलाजवळ प्रयोगशाळा नसते, डोळे असतात.

पण हे नकाशेही लाखाच्या, फार तर पन्नास हजाराच्या प्रमाणावरचे. पन्नास हजाराच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. आमचं शिबिराचं पन्नास मीटरचं मैदान त्यात एक मिलिमीटर होतं. मूल ज्या कड्याला हात लावतं, तो तर पेन्सिलीच्या रेघेतच बुडून जातो. दिल्ली-कोलकात्याहून कोणी येऊन तो काढून देईल, ही अपेक्षाही चुकीची. तेव्हा ठरवलं, आपणच काढायचा.

हिंमत आली ती एका जुन्या उदाहरणानं. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये डडली स्टॅम्प या भूगोलतज्ज्ञानं देशातल्या जमिनीच्या वापराचा नकाशा काढायचं ठरवलं. पगारी माणसं लावणं परवडेना. त्यानं शाळांना हाक दिली. सुमारे अडीच लाख मुलांनी मैलाला सहा इंच प्रमाणाच्या पत्रकांवर आपापल्या गावचं शेत न् शेत रंगवलं. ती मुलं सपाटीवर फिरत होती, आमची कड्यांवर. पण फरक सोडून देऊ.

१९८९ ते १९९३ अशी चार शिबिरं आणि मधल्या सुट्ट्या या कामात गेल्या. किनाऱ्याकडच्या पट्ट्यातली सर्वेक्षणाची पत्रकं तेव्हा सहज मिळत नसत. एका कॉलेजातून बघायला मिळालं, त्यावरून समोच्च रेषा दहापट मोठ्या करून आलेखकागदावर उतरवल्या. म्हणजे एक सेंटिमीटरला पन्नास मीटर. उंची मोजायचं यंत्र उसनं आणलं. ते हवेच्या दाबावर चालतं, म्हणून दुपारी हवा बदलली की तीच पायरी वीस फूट वर सरकायची. दर तासाला टाक्याच्या काठावर येऊन यंत्र जुळवायचं काम दोन मुलींना दिलं होतं. त्या नसत्या तर आमचा किल्ला रबरासारखा ताणला गेला असता.

दख्खनचा खडक मुलांसाठी एका बाबतीत फार सोयीचा आहे. थर जवळजवळ आडवे असतात. गेरू एका ठिकाणी सापडला, की त्याच उंचीवरून डोंगराला वळसा घालायचा; तो पुन्हा भेटतो. हिमालयात हे जमणार नाही, तिथे थर उभे-आडवे घड्या पडलेले. काळ्या कातळाला काळी पेन्सिल, मांजऱ्याला हिरवी, गेरूला लाल, घसरून आलेल्या दगडमातीला पिवळी आणि पाझराला निळा ठिपका. दुसऱ्या वर्षी मुलांना एका थरात बोटाच्या पेरापेराएवढे पांढरे स्फटिक असलेला दगड मिळाला. त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'खोबऱ्याचा दगड'. मला वाटलं काही तरी किरकोळ असेल. पुढे उजळणी वर्गात कळलं, की मोठ्या स्फटिकांचे हे थर दूरवर माग काढायला उपयोगी पडतात आणि त्यांतल्या दोघांना आमच्याच बाजूच्या मंचर आणि गिरवलीची नावं आहेत. नकाशाच्या सूचीत आम्ही 'खोबऱ्याचा दगड' तसंच ठेवलं.

तिसऱ्या वर्षी एक भांडण झालं. किल्ल्याच्या उत्तर खांद्यावर लाल रेघ चाळीस फूट खाली आली. मी मुलांना झापलं. यंत्र जुळवलं नसणार, परत जा. मुलं परत गेली, पुन्हा तेच मोजून आली. तिसऱ्यांदा मी स्वतः गेलो. रेघ खरंच खाली होती. आबांना बोलावलं. ते बराच वेळ खांद्याच्या माथ्यावरच्या एका चंद्रकोरीसारख्या खाचेकडे बघत बसले आणि म्हणाले, "ह्यो तुकडा बसलाय, मास्तर." डोंगराचा तेवढा भाग कधी काळी, गेरूसकट, अख्खाच्या अख्खा खाली सरकला होता. त्याच्या पायथ्याशी एक छान सपाट जागा होती. बाजूला पाझर, सावलीला आंबा. दहा वर्षं आमचे तंबू तिथेच पडत होते.

शिबिर आम्ही दुसरीकडे हलवलं. पाणी लांब पडलं, मुलांनी कुरकुर केली, एका पालकांनी "सर उगाच घाबरतात" असंही म्हटलं. २००५ च्या पावसाळ्यात त्या सपाटीवर वरून दगड आले. एक बैलगाडीएवढा होता. यात माझी दूरदृष्टी सिद्ध झाली वगैरे काही नाही. आमचं शिबिर डिसेंबरात असतं आणि दगड जुलैत आले. मुलं तेव्हा तिथे असणारच नव्हती. पण पावसाळी सहली आता सगळीकडे निघतात, आणि अशा सपाट्या प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी आहेत. कित्येक ठिकाणी त्यांच्यावर वाड्या आहेत.

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. आमच्या किल्ल्यावरून तो मुलूख परका नाही. शिबिरातल्या काही मुलांचे नातेवाईक त्या बाजूला होते. त्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशभर दरडप्रवण भागांचे नकाशे करायला घेतले, पन्नास हजाराच्या प्रमाणावर. ते काम मोठं आहे आणि गरजेचं आहे. 'भूकोश' या त्यांच्या संकेतस्थळावर आता खडकांचे नकाशे कोणालाही बघता येतात. २०२१ पासून नकाशे काढण्या-वापरण्यावरची बरीच बंधनंही गेली. पण माळीणनंतर २०२१ मध्ये तळिये झालं, २०२३ मध्ये इर्शाळवाडी झाली. पन्नास हजाराचा नकाशा डोंगर दाखवतो. आंब्याखालची सपाटी ही तिथे रोज जाणाऱ्यानंच बघायची असते. माझ्या माहितीतल्या सहली नेणाऱ्या मंडळींकडे दोर उत्तम असतात, शिरस्त्राणं असतात, प्रथमोपचाराची पेटी असते. पायाखालच्या खडकाचा कागद मी अजून फारसा कोणाकडे पाहिलेला नाही. मला याचा राग येतो, आणि मग १९८७ आठवतं आणि राग गिळतो.

मी २००८ साली निवृत्त झालो. मूळ नकाशा घड्यांवर फाटला होता, तो कापडावर चिकटवून घेतला. आबा आता नाहीत. त्यांचा तो मनगट मोडलेला मुलगा बोअरवेलचा धंदा करतो. किल्ल्याच्या पायथ्याच्या गावांत कुठे भोक घेतलं, की रात्री त्याचा फोन येतो : "सर, लिहून घ्या. एकशे ऐंशी फुटांवर गेरू, दोनशे दहाला पाणी." नकाशाच्या बाजूला आम्ही थरांचा एक उभा स्तंभ काढला होता, तो पायथ्याशी संपत होता. त्याच्या खाली मी कागदाची एक पट्टी जोडली. गेल्या दिवाळीत दुसरी जोडावी लागली.